चंद्र तांबडा कां होतो ?
(गांवच्या शाळेंत दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



ता. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्रीं, खग्रास चंद्रग्रहण झालें. सुमारें ८२ मिनिटें चंद्र जुन्या तांब्याच्या घागरीसारखा दिसत होता. त्या रात्रीं कित्येक घरचें शिजलेलें अन्न उकिरड्यावर गेलें आणि पोटुशा लेकीसुनांना घोटभर पाणी न देतां कोंडून बसविलें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधीं दिवसाचें आभाळ पाहूं. सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यांत तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग मिसळलेले असतात. इंद्रधनुष्यांत ते वेगळे दिसतात. उजेड लाटांनीं चालतो. तांबड्याची लाट लांब, निळ्याची आंखूड. हवेचे कण अतिशय बारीक. त्यांच्यामुळें आंखूड लाट चोहोंकडे विखुरते, लांब लाट बहुतेक सरळ निघून जाते. निळा रंग तांबड्याच्या सुमारें चौपट विखुरतो. म्हणून जिकडे मान वर करावी तिकडून निळाच उजेड डोळ्यांत येतो. हा हिशेब विलायतेंतील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १८७१ सालीं मांडला. मावळतीला मात्र उजेडाला हवेंतून फार लांबची वाट तुडवावी लागते. वाटेंत निळा सांडून जातो, तांबडा उरतो.

खोटें वाटल्यास घरीं करून पहा. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन दुधाचे दोनचार थेंब टाका व काळोखांत एका बाजूनें बॅटरीचा झोत सोडा. कडेनें पाहिल्यास पाणी निळसर, समोरून पाहिल्यास दिवा पिवळट-तांबूस दिसेल. ढगांतील थेंब मोठे असतात. ते सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरा.

आतां ग्रहण. पृथ्वी मध्यें येते व तिची सावली चंद्रावर पडते. परंतु पृथ्वीच्या कडेच्या हवेंतून थोडा उजेड वांकून त्या सावलींत शिरतो. त्यांतला निळा वाटेंतच विखुरलेला असतो. तांबडा तेवढा चंद्रापर्यंत पोंचतो. म्हणजे पृथ्वीवरच्या साऱ्या सकाळ-सांजांची लाली त्या वेळीं चंद्रावर पडते. यांत राहू नाहीं, केतू नाहीं, कोणाचा कोप नाहीं.

भिणारे आपणच आहों असें नव्हे. ऑगस्ट १८८३ मध्यें जावा-सुमात्रांमधील क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला व त्याची बारीक धूळ जगाच्या आभाळांत पसरली. सप्टेंबरांत मद्रासेकडे सूर्य हिरवा दिसला. नोव्हेंबरांत अमेरिकेंत सांजेची लाली पाहून आग लागली असें समजून बंब धांवले! पण पुढें त्यांनीं कारण शोधलें, शांति केली नाहीं.

कोणी म्हणेल, पंचांगांतील ग्रहणाची वेळ खरी ठरते, मग फळ खोटें कसें ? बाबांनो, वेळ गणितानें निघते. फळ दक्षिणेच्या आशेनें निघतें.

आमचें मागणें इतकेंच. पुढच्या चंद्रग्रहणीं मुलाबाळांसह अंगणांत या. तें नुसत्या डोळ्यांनीं पाहण्यांत कांहीं अपाय नाहीं. सूर्याकडे मात्र तसें कधीं पाहूं नये. गरोदर लेकीला वेळेवर जेवूं घाला, आणि दानाला काढलेला पैसा मुलींच्या पाटीपुस्तकांना लावा.