वंशावळीतील गाळलेली नावे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे झालेले भाषण)



कुलवृत्तांत हा आपल्या समाजाचा मोठा ठेवा होय. मूळ पुरुषापासून आजच्या पिढीपर्यंत नावे लावण्याचे कष्ट ज्यांनी घेतले, त्यांचे आपणांवर ऋण आहे. परंतु शाळेत आनुवंशिकता शिकविताना आम्हां शिक्षकांस त्यांत एक उणीव जाणवते. पुत्रांची परंपरा तेथे अखंड चालते. कन्या विवाह होताच नाहीशी होते, आणि बालपणी दगावलेले मूल बहुधा नोंदलेच जात नाही. वैद्यकास हवी असलेली माहिती पुष्कळदा नेमकी तेथेच असते.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस निराळी वंशावळ काढावयास शिकवितो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. विवाहाची आडवी रेघ, अपत्यांची खाली उतरणारी. ज्याच्या ठायी लक्षण दिसते त्याची आकृती काळी भरावयाची. नात्यातील विवाहास दुहेरी रेघ. मग विचारावयाचे : लक्षण दर पिढीत दिसते, की एखादी पिढी गाळून? पुरुषांतच अधिक, की उभयतांत? बापाकडून मुलाकडे गेले आहे काय?

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे घराणे यासाठी उत्तम. तिचा पुत्र लिओपोल्ड यास रक्त न गोठण्याचा विकार होता. १८८४ मध्ये पडण्याचे निमित्त होऊन तो वारला. ॲलिस व बिॲट्रिस या कन्या निरोगी होत्या, तथापि त्यांच्या मुलींमार्फत तो विकार रशिया व स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचला. १९०४ मध्ये जन्मलेला रशियाचा युवराज अलेक्सी हा ॲलिसच्या मुलीचा मुलगा. केवळ पुत्रांची वंशावळ मांडली, तर अलेक्सीच्या आजाराचा उलगडाच होत नाही.

दुसरा प्रकार थॅलसेमियाचा. येथे आई व बाप दोघेही वाहक असले, तरच मुलास तीव्र आजार होण्याचा संभव असतो. आणि तो प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक इतका असतो. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढील तीन निरोगी होतील, असा त्याचा अर्थ नव्हे. वाहक स्वतः धडधाकट असतो. म्हणून कोऱ्या दिसणाऱ्या वंशावळीवरही विसंबता येत नाही. एकाच पूर्वजाचा सदोष जनुक दोहोंकडे असण्याचा संभव नात्यातील विवाहात वाढतो. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल ज्या घरांत आहे, त्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

आणि येथेच आमचे खरे सांगणे आहे. आजारी मूल जन्मले की सुनेच्या माहेराला बोल लावला जातो. थॅलसेमियात दोष दोन्ही घरांकडून सारखाच आलेला असतो, हे मुलाने काढलेली साधी आकृती दाखवून देते. मात्र ही आकृती घरची ठेव आहे; वर्गात ती फळ्यावर मांडण्यास आम्ही कोणासही भाग पाडीत नाही. तेथे राजघराणी पुरतात.

पालकांस आमची विनंती दोन गोष्टींची. विवाह ठरविताना पत्रिकेआधी वधूवरांचे रक्त तपासून घ्यावे. आणि कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीत लेकींची व त्यांच्या मुलांची नावे लिहावी. अकाली गेलेल्या बालकांचीही. तेही आपल्याच कुळाचे होते.