अठराव्या वर्षानंतरचे छप्पर



भारतीय कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते. त्यापूर्वी तिला करार करता येत नाही. 1872 च्या करार अधिनियमाचा हाच अर्थ 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात निश्चित केला. बहुतेक घरांत हा दिवस वाढदिवसापलीकडे जाणवत नाही. परंतु बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत त्या दिवशी दोन गोष्टी एकदमच घडतात. जुन्या छपराखाली राहण्याचा कायदेशीर आधार संपतो आणि नव्या छपरासाठी सही करण्याचा अधिकार प्रथमच मिळतो. या दोहोंमध्ये तयारीसाठी एका दिवसाचेही अंतर उरत नाही.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाने या संक्रमणाची दखल घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. संस्था सोडणाऱ्या तरुणास एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि 2016 च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, अनुरक्षणाचे साहाय्य देता येते. काही काळ गटाने राहण्याची सोयही त्या नियमांना अभिप्रेत आहे. मात्र ‘देता येते’ आणि ‘दिले पाहिजे’ यांतील अंतर मोठे आहे. शिवाय अधिनियमातील अनुरक्षणाची व्याख्या संस्थात्मक काळजीतून बाहेर पडणाऱ्यांपुरती आहे. प्रतिपालक कुटुंबातून बाहेर पडणाऱ्याचा तीत उल्लेख नाही. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने, दोन्ही पक्षांची इच्छा असल्यास, अशा तरुणास एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच कुटुंबात राहता यावे यासाठी साहाय्य करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. या तुलनेत येथील उणीव ठळक दिसते.

आता व्यवहाराकडे वळावे. मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. दोन तरुणींनी मिळून 6,000 रुपये भाड्याची खोली घेतली असे समजू. प्रत्येकीचा वाटा 3,000 रुपये. पोटापाण्यासाठी काही काम मिळाले, तर महिना कसाबसा निभेल. परंतु खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी अनामत द्यावी लागते. 2021 च्या आदर्श भाडेकरू अधिनियमात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे. पण तो केवळ नमुना असून राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही. ही मर्यादा पाळली गेली तरी पहिल्या भाड्यासह 18,000 रुपये, म्हणजे प्रत्येकी 9,000 रुपये एकरकमी हवेत. बंगळूरच्या परिचित प्रथेप्रमाणे दहा महिन्यांची अनामत मागितली गेली, तर हाच आकडा प्रत्येकी 33,000 रुपयांवर जातो. आठ महिन्यांचे संपूर्ण साहाय्यही त्याला पुरणार नाही.

रक्कम जमली तरी दार उघडेलच असे नाही. घरमालक विचारतो, ‘वडील काय करतात? कायमचा पत्ता कोणता? जामीन कोण राहील?’ अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. त्या अर्जातही कायमच्या पत्त्याचा रकाना असतो. कालपर्यंत जो पत्ता होता तो आज सोडावा लागलेला. मग तेथे काय लिहावे? सर्वसामान्य तरुणाच्या पाठीशी न बोलता उभा असलेला बाप, मामा किंवा थोरला भाऊ हीच त्याची खरी अनामत असते. ती ज्याच्यापाशी नाही, त्याला प्रामाणिकपणाचा पुरावा पैशाने द्यावा लागतो, आणि पैसा तर त्याच्याजवळ नाहीच.

यास्तव तीन गोष्टी अगत्याच्या ठरतात. पहिली, अनामतीची तरतूद मासिक साहाय्याहून वेगळी असावी. खोली सोडताना ती रक्कम परत येते. ती फिरत्या निधीत जमा झाल्यास पुढच्या तरुणाच्या उपयोगी पडेल. दुसरी, प्रारंभीचा करार एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने आपल्या नावे करावा किंवा तिने जामीन राहावे, आणि वर्षभर भाडे नियमित गेल्यावर तो तरुणाच्या नावे व्हावा. तिसरी, या तयारीचा आरंभ सोळाव्या वर्षीच व्हावा.

या तयारीत घर राखण्याचे शिक्षणही आले. करार बहुधा अकरा महिन्यांचा का असतो, तर एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदवावा लागतो म्हणून. महाराष्ट्रात मात्र 1999 च्या भाडे नियंत्रण अधिनियमानुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. कराराची प्रत जवळ ठेवणे, भाड्याची पावती मागणे, राहावयास जाताना भिंती, नळ व दिवे यांची स्थिती लिहून घेणे, वीजबिलाचा वाटा आधी ठरविणे, खोली सोडण्याची सूचना मुदतीत देणे, या गोष्टी घरात वाढलेली मुले वडीलधाऱ्यांना पाहून नकळत शिकतात. ज्यांच्यापुढे असा भाड्याचा संसार कधी आलाच नाही, त्यांना त्या शिकवाव्याच लागतात. एखादा हप्ता चुकला तर कोणाकडे धाव घ्यावी, हेही ठाऊक असले पाहिजे. अन्यथा एका महिन्याची थकबाकी त्यांना रस्त्यावर आणते.

तात्पर्य, या तरुणांना भाडे भरता यावे एवढ्याने भागत नाही. त्यांच्या शब्दाला दुजोरा देणारे कोणीतरी असावे लागते. अठरा वर्षे त्यांचे पालकत्व निभावणाऱ्या शासनाने जामीनदाराच्या रकान्यात आणखी काही वर्षे आपले नाव लिहू द्यावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.