दोन वर्षांसाठी परदेशी, आणि मागं राहिलेलं घर

सोयाबीन घरी आलं, कापसाची पहिली वेचणी झाली, की आपल्याकडे दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक लग्नाची आणि दुसरी बाहेर जाण्याची. बाहेर म्हणजे पूर्वी पुणं-मुंबई असायची. आता बाहेर म्हणजे दुबई, सौदी, कतार, कुवेत. नागपूर शहरातली इंजिनियर पोरं कंपनीकडून अमेरिकेला जाऊन येतात, त्यांचं तिकीट, घर, दवाखाना कंपनी बघते. आपल्या घरातला वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर किंवा एसी दुरुस्त करणारा पोरगा जातो तेव्हा त्याचं बघायला पुष्कळदा एक एजंटच असतो, आणि तो तिकीट हातात दिलं की फोन उचलत नाही.

आम्ही गटाच्या बाया अशा घरी जाऊन बसतो, कागद वाचतो, हिशेब मांडून देतो. त्यातून जे समजलं ते आज सांगतो. जाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. जाणाऱ्यांनी घरं बांधली, बहिणींची लग्नं केली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण जातो एक माणूस आणि राहणी बदलते दोघांची, त्याची तिकडे आणि तिची इकडे. ही दुसरी बाजू घरात कोणी बोलत नाही, म्हणून ती आम्ही बोलतो.

आधी कागद. पासपोर्ट आला की त्यावर ईसीआर असा शिक्का आहे का ते बघा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो साधारणपणे असतो. असा पासपोर्ट घेऊन सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचं तर निघण्याआधी सरकारची मंजुरी लागते. १९८३ च्या कायद्याने ही सोय केली. लोकांना ती कटकट वाटते. पण ही मंजुरी घेताना करारनामा सरकारच्या नोंदीत येतो, पगार किती आणि मालक कोण ते लिहिलं जातं, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. त्यात वारस म्हणून कोणाचं नाव लिहिलंय ते बायकोने स्वतः वाचावं. "लिहिलंय तुझंच" यावर विसंबू नये.

ही कटकट नको म्हणून एजंट काय सांगतो? फिरायच्या व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलून देतो. आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा असाच गेला. तीन महिने काम केलं, पगार मागितला तर मालक म्हणाला, तू तर पाहुणा आहेस, तुझी नोकरीच नाही. तक्रार करावी तर आपणच बेकायदा राहिलो म्हणून पकडले जाऊ ही भीती. तो परत आला, पण कर्ज तेवढंच राहिलं. फिरायचा व्हिसा हा फिरण्यासाठी असतो, एवढं घराघरांत सांगा.

आता पैशाचं, कारण खरी मेख तिथे आहे. नोंदणी असलेला एजंट कायद्याने सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये घेऊ शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३५ हजार ४०० होतात. आणि त्याची पावती मिळायला हवी. पण आपल्या गावात दीड-दोन लाखांचा आकडा सहज बोलला जातो. हिशेब मांडू. समजा दीड लाख सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिन्याने काढले. पगार आहे ३० हजार, त्याचं खाणंपिणं आणि फोन ८ हजार. उरले २२. त्यातले १५ हजार दर महिन्याला कर्जात घातले तरी ते फिटायला पूर्ण एक वर्ष जातं, आणि १ लाख ८० हजारांच्या वर पैसे सावकाराच्या घरी जातात. त्या वर्षात घराला महिन्याचे सातच हजार येतात. करार दोन वर्षांचा असेल तर तो खरं तर एक वर्ष सावकारासाठी राबला आणि एक वर्ष तुमच्यासाठी. आता त्यात पगार दोन महिने अडकला, किंवा करारात ३० लिहून तिकडे गेल्यावर २२ हातावर टेकवले, तर काय उरतं ते तुम्हीच काढा. म्हणून गटाकडे कर्ज मागायला येणाऱ्याला आम्ही आधी करार दाखवायला सांगतो. काही जण रागावतात. रागावू देत.

एजंटाचा परवाना क्रमांक मागायचा. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी की खोटी ते समजतं. गावात शिकलेली पोर असते, तिला बसवा मोबाइल घेऊन. १८०० ११ ३०९० हा सरकारचा विनाशुल्क क्रमांक आहे, तिथेही विचारता येतं.

बायांनी स्वतः जायचं म्हटलं तर नियम अजून कडक आहेत, आणि आमच्या मते ते असायला हवेत. ईसीआर शिक्क्याची बाई ३० वर्षांची झाल्याशिवाय या देशांत घरकामाला जाऊ शकत नाही, आणि २०१६ पासून तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हायला पाहिजे. कोणी बाई एखाद्या खासगी माणसाच्या शब्दावर "घरकाम आहे, मालकीण फार चांगली" म्हणून निघाली असेल, तर तिला त्या घराच्या दारापर्यंत पोचल्यावर मदत करणं फार अवघड जातं. कारखान्यात चार माणसं बघत असतात. परक्या घराच्या आत कोणी बघत नाही.

नर्सिंग शिकलेल्या मुलींचं वेगळं आहे. जर्मनीत परिचारिकांची गरज आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याची पेपरात बरीच चर्चा झाली. पण तिथे आधी भाषा. परिचारिकेला साधारणपणे बी-२ पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं, ते चार-सहा महिन्यांत गंमत म्हणून होत नाही. आणि राहणी? रविवारी दुकानं बंद, भाजी-दूध शनिवारीच आणून ठेवायचं. मोलकरीण नाही, स्वयंपाक, संडास-बाथरूम सगळं स्वतःच्या हाताने. आपल्या मुलींना हे जड जात नाही, घरच्या मुलग्यांना जातं, असं आमचं निरीक्षण आहे. हसू नका, खरं आहे.

मुलगा निघाला की आई काय भरून देते? चिवडा, लोणचं आणि घरचा सावजी मसाला. इथे कान देऊन ऐका. सावजी मसाल्यात खसखस असते. अमिरातीत, सौदीत, सिंगापूरला खसखस मादक पदार्थांत धरली जाते. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी ही गोष्ट तिकडच्या विमानतळावर सापडली तर माणूस कोठडीत जाऊ शकतो. पुडीभर असली तरी. मसाला द्यायचाच तर खसखस न घालता वेगळा कुटा. खोकल्याचं कोडीन असलेलं औषध किंवा काही दुखण्याच्या गोळ्या यांनाही तिकडे बंधन आहे, म्हणून औषध डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणि विचारूनच न्यायचं. आणि खर्रा! आपल्या पोरांना सकाळ उजाडत नाही खर्र्याशिवाय. सिंगापूरला चघळायची तंबाखू नेताच येत नाही. एका परीने बरंच आहे.

उन्हाची आपल्याला सवय आहे असं आपण म्हणतो. नागपूरचा मे महिना काढलेला माणूस कुठेही टिकतो, असा आपला अभिमान. पण आपलं ऊन कोरडं. आखातात समुद्राकाठची दमट हवा असते, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला बंदी आहे. हे माहीत असलेला मजूर निदान बोलू तरी शकतो. पाणी कमी पिऊन उन्हात राबलं की मूत्रपिंडाला त्रास होतो. तो कमावून आणेल आणि दवाखान्यात घालवेल, असं होऊ नये.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिकडच्या कायद्यातही बसत नाही. तो भारत सरकारचा आहे, मालकाचा नाही. दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि कराराची प्रत घरी ठेवा, नुसता मोबाइलमधला फोटो पुरत नाही. काही बिघडलं तर परराष्ट्र खात्याच्या मदद नावाच्या ठिकाणी घरूनही तक्रार नोंदवता येते, पण तिथे हेच कागद मागतात.

तो गेला. आता घराकडे या. पहिल्याच हंगामात समजतं की सातबारा त्याच्या नावाने, पीककर्ज त्याच्या नावाने, मोबाइलवर येणारा ओटीपी त्याच्या नंबरवर आणि तो नंबर आता बंद. ई-पीक पाहणी कोणी करायची? मार्चअखेर कर्जाचं नूतनीकरण, सही कोण करणार? वावरात राबते ती, सही लागते त्याची. तिकडून मुखत्यारपत्र करायचं तर त्याला वकिलातीत जायला एक दिवस सुट्टी मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी मुखत्यारपत्र बायकोच्या नावाने करून ठेवा, कोणत्या कामांसाठी ते स्पष्ट लिहून. आईच्या किंवा भावाच्या नावाने करतात लोक. का, असं विचारलं तर उत्तर येत नाही.

बँकेचंही तसंच. परदेशी नोकरीला गेलेल्याचं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलावं लागतं, आणि तिकडून कमाई पाठवायला एनआरई खातं उघडता येतं. पण घरखर्चाचे पैसे त्याच्या भावाच्या खात्यात नकोत. बायकोच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम यावी. आम्ही पाहिलेल्या घरांत भांडणं तिथेच झाली जिथे सुनेला तेलाच्या पुड्यासाठीही दिराकडे हात पसरावा लागला.

आणि गावाचं तोंड. नवरा बाहेर असलेली बाई बँकेत गेली, पंचायतीत गेली, बाजारातून सात वाजता आली, तर बोलणारे बोलतात. याला कागद नाही आणि मंजुरी नाही. याला गटच लागतो. आमच्याकडे अशा ताईसोबत पहिले तीन-चार महिने बँकेत दुसरी कोणीतरी जाते. नंतर ती एकटी जाते आणि दुसरीला घेऊनही जाते. पंप बंद पडला की मिस्त्री बोलावते, कापसाचा भाव फोनवर विचारते, मुलाच्या शाळेत पालकसभेला बसते. फोनचंही ती शिकते. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलणं होत नाही, तिकडे बोटिम नावाचं ॲप चालतं, तर तिने ते टाकून घेतलं आणि तान्ह्या पोळ्याला पोराचा लाकडी बैल बापाला दाखवला.

मग दोन वर्षांनी तो परत येतो. घरी येऊन पासबुक मागतो. आधी जे चालत होतं तेच पुन्हा चालेल असं त्याला वाटतं. तोही बदललेला असतो. आठ जणांच्या खोलीत राहिला, स्वतःचे कपडे धुतले, डाळ शिजवली, हे तो मित्रांना सांगतो, घरात मात्र ताटावर बसून पाणी मागतो. आम्ही एका ताईला विचारलं, तू काय केलंस? ती म्हणाली, मी पासबुक दिलं, पण आधी दोन वर्षांचा हिशेब वाचून दाखवला. ऐकून तो गप्प बसला. आता पासबुक कपाटात दोघांच्या हाताशी राहतं, आणि पाणी तो उठून घेतो. रोज नाही, पण घेतो.

ज्यांच्या घरातून या हंगामानंतर कोणी निघणार आहे, त्यांनी पुढच्या गटबैठकीला करारनामा, पासपोर्टची झेरॉक्स आणि एजंटाने दिलेली पावती सोबत आणा. पावती दिली नसेल तर तेही येऊन सांगा. जाणाऱ्या माणसालाही आणा. नाही म्हणाला तर सासूबाईंना आणा, कारण मुखत्यारपत्राचं बोलणं त्यांच्यासमोरच करायचं आहे.