घसा बरा झाला, पण झडप?

आज माझा आवाज थोडा बसलाय, सांभाळून घ्या. विषयही घशाचाच आहे, पण तो हृदयापर्यंत जातो.

लोअर परळला आज काचेचे टॉवर दिसतात, तिथे पूर्वी गिरण्या होत्या. माझी आत्या तिथल्याच चाळीत वाढली. दहा बाय बाराची खोली, माणसं आठ. एकाचा घसा धरला की आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांचा. ती दहा-अकरा वर्षांची असताना असाच घसा दुखला, बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, गुडघे सुजले. मग गुडघा उतरला आणि घोटा सुजला. डॉक्टर म्हणाले, रुमॅटिक फीव्हर. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. घशातला तो स्ट्रेप्टोकोकस जंतू काही हृदयात जाऊन बसत नाही. आपलं शरीर त्याच्याशी लढायला जे सैन्य उभं करतं, त्याला जंतूचे काही भाग आणि आपल्या हृदयाच्या झडपा सारख्याच दिसतात. मग ते आपल्याच झडपांवर तुटून पडतं. सूज येते, ओसरते, पुन्हा घसा धरला की पुन्हा येते. दरवेळी झडप थोडी जाड, थोडी अरुंद. सांधे मात्र ठणठणीत होतात, आणि फसगत तिथेच होते.

आत्याचंही तेच झालं. दुखत काही नव्हतं, इंजेक्शन मात्र भयंकर दुखायचं. ८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला, घरात शंभर चिंता. इंजेक्शनं सुटली ती सुटलीच.

पुढे लग्न झालं. पाचव्या महिन्यात तिला जिना चढवेना, रात्री आडवं झालं की दम लागायचा. सगळे म्हणाले, पहिलटकरीण आहे, होतं असं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण खूप वाढतं, अरुंद मायट्रल झडपेतून ते पुढे सरकेना आणि फुफ्फुसात तुंबत होतं. जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. माझा आतेभाऊ आज तिशीत आहे, हा एपिसोड ऐकतोय बहुतेक.

आता तुमच्यासाठी. प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक लागत नाही, बहुतेक व्हायरलच असतात. पण शाळकरी पोराला ताप आहे, गिळवत नाही, गळ्याच्या गाठी दुखतात आणि सर्दी-खोकला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी हा ताप टाळता येतो. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून तिसरी ड्रॉवरमध्ये ठेवू नका, प्लीज.

आणि लहानपणी तुम्हाला 'सांध्यांचा ताप' आला होता का, हे आज घरी विचारा. आला असेल तर एकदा इको करून घ्या. इंजेक्शनं चालू असतील तर मनानं बंद करू नका. ती किमान पाच वर्षं आणि वयाच्या २१ पर्यंत लागतात, झडप बिघडलेली असेल तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर.

आत्या आता साठीच्या पुढे आहे. तिचा मेसेज आलाय: "माझं वय सांगायची गरज होती का?"