फोनचं दार लावताना : नको असलेले कॉल आणि मेसेज

सोमेश्वरनगर, करंजेपूल, निंबूत, वडगाव निंबाळकर अशा आपल्या नीराकाठच्या गावांतून गळीत हंगाम सुरू झाला, की मोबाईलशिवाय उसाचं पान हलत नाही. तोडीची पाळी आली का, टोळी फडात कधी उतरणार, गाडी काट्यावर गेली का, हे सगळं फोनवर कळतं. बिल बँकेत जमा झालं, तर त्याचाही मेसेज येतो. पण याच फोनवर दिवसभर दुसरीही रहदारी चालू असते. कुणी कर्ज देतो म्हणतं, कुणी प्लॉट विकतं, कुणी बक्षीस लागलं म्हणून सांगतं. बारं देऊन पहाटे डोळा लागलेला माणूस अशा फोनने वैतागतो आणि दिसेल तो नंबर ब्लॉक करत सुटतो. म्हणून ब्लॉक करणं म्हणजे नेमकं काय होतं, ते आज समजून घेऊ.

आपल्याकडे कालव्याचं पाणी फाट्याला येतं, फाट्यातून चारीला, चारीतून आपल्या दंडाला. दंडाचं तोंड मातीने बुजवलं, तर आपल्या सरीत पाणी येणार नाही. पण चारी वाहतच राहते आणि पाणी पुढच्या शेजाऱ्याकडे जातं. फोनमध्ये नंबर ब्लॉक करणं हे असं दंडाचं तोंड बुजवणं आहे. समोरच्याने फोन लावला, की तो कंपनीच्या टॉवरवरून आपल्या फोनपर्यंत येतोच. तिथे आपला फोन स्वतःजवळची यादी बघतो. यादीत तो नंबर असला, तर घंटी न वाजवता कॉल तोडून टाकतो. मेसेजचंही तसंच. तो येतो, पण समोर न दिसता ‘स्पॅम आणि ब्लॉक केलेले’ अशा नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. समोरच्याला आपण ब्लॉक केलं असा निरोप जात नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. ही यादी फोनमध्ये असते, सिममध्ये नसते. फोन बदलला तर यादी बरोबर येईलच असं धरून चालू नका. दुसरं, यादी फक्त तेवढाच नंबर ओळखते. फसवणारा दुसऱ्या नंबरावरून पुन्हा फोन करतो, आणि त्याच्याकडे नंबरांना तोटा नसतो. तिसरं, व्हॉट्सअ‍ॅपचं दार निराळं आहे. फोनमध्ये ब्लॉक केलेला माणूस व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलू शकतो, तिथे त्याला वेगळं ब्लॉक करावं लागतं.

नंबर ब्लॉक करायची रीत सोपी आहे. आलेल्या कॉलच्या यादीत तो नंबर दाबून धरा, ‘ब्लॉक’ असा पर्याय येतो. कुठे तो नंबर उघडल्यावर दिसतो. बटणांच्या काही फोनांत यालाच ब्लॅकलिस्ट म्हणतात. चुकून ब्लॉक झालेला नंबर सोडवायचा, तर फोनच्या सेटिंगमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी असते, तिथून तो काढता येतो. घरातली शाळकरी मुलं हे दोन मिनिटांत दाखवतील, विचारायला संकोच नको.

आता यातला धोका बघा. काही फोनांत अशी सोय असते, की नाव साठवलेलं नाही असा कोणताही नंबर वाजतच नाही. ऐकायला बरं वाटतं. पण समजा, आपला आडसाली ऊस तोडीला आला आहे. टोळीचा मुकादम नवा आहे, त्याचा नंबर आपल्याकडे नाही. सकाळी त्याचे दोन फोन आले आणि आपल्या फोनने ते मुकाट गिळले. मग टोळी दुसऱ्याच्या फडात गेली, तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणून हंगामात ही सोय बंद ठेवलेली बरी. कारखान्याच्या गट ऑफिसचा, चिटबॉयचा, मुकादमाचा, बँकेचा, वायरमनचा नंबर आधीच नावासकट साठवून ठेवा. आणि ब्लॉक केलेल्या यादीवर आठवड्यातून एकदा नजर टाका. घरातल्या पोराने खेळता खेळता काय दाबलं असेल, सांगता येत नाही.

दंडाचं तोंड झालं, आता फाट्यावरचं दार पाहू. जाहिरातीचे कॉल आणि मेसेज कंपनीकडेच थांबवण्याची सोय सरकारी नियमांनी केलेली आहे. ‘ट्राय’ म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम त्यासाठी आहेत. आपल्या फोनवरून १९०९ ला कॉल करून सांगता येतं, किंवा इंग्रजी अक्षरांत स्टार्ट लिहून, एक जागा सोडून शून्याचा आकडा टाकून तो मेसेज १९०९ ला पाठवता येतो. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. बँक व विमा, घरजमीन, शिक्षण, आरोग्य असे वेगवेगळे गट आहेत, त्यांतला हवा तेवढा चालू ठेवता येतो. याने बँकेचे व्यवहाराचे मेसेज बंद होत नाहीत, ती भीती नको. मात्र नियम न पाळणारा भामटा याने थांबत नाही. चोरून उपसा करणारा पाटकऱ्याला विचारत नसतो, तसंच हे आहे.

भामटा ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवलेले आहेत. बँका, विमा कंपन्या यांच्या कामाच्या कॉलसाठी २०२४ मध्ये १६०० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली. नोंदणी केलेल्या संस्थेचा मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाही, त्याच्या माथ्यावर अक्षरं असतात. २०२५ पासून त्या अक्षरांच्या शेवटी आणखी एक इंग्रजी अक्षर लागतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. २०२२ मध्ये ‘आज रात्री तुमची लाईट तोडणार, या नंबरावर बोला’ असे मेसेज महाराष्ट्रभर फिरले. ते साध्या दहा आकडी नंबरांवरून आले होते. महावितरणच्या मेसेजच्या माथ्यावर एमएसईडीसीएल अशी अक्षरं असतात, हे ज्यांना ठाऊक होतं ते फसले नाहीत. शेतकऱ्यांसाठीच्या सौरपंपाच्या योजनेच्या नावानेही खोटे फोन आणि खोट्या वेबसाईट निघाल्या, आणि नोंदणीचे म्हणून पैसे मागितले गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाची फाईल आली, तर ती उघडूच नका. ती फोनमध्ये शिरली, की बँकेचा ओटीपी परस्पर वाचला जातो.

अनोळखी नंबराचं नाव दाखवणारी अ‍ॅप पुष्कळांच्या फोनात आहेत. त्यांचा थोडाफार उपयोग होतो. पण ‘बँक मॅनेजर’ असं नाव दिसलं म्हणून तो मॅनेजर ठरत नाही. ते नाव कुणीतरी भरलेलं असतं. पडद्यावर दिसणारा नंबरसुद्धा बनावट असू शकतो. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू केली, ती याच कारणाने.

तेव्हा फसवणुकीचा फोन आला, तर नुसता ब्लॉक करून गप्प बसू नका, नाहीतर तो पुढच्या वस्तीवर फोन लावतो. आधी तक्रार, मग ब्लॉक. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली, तिथे असा नंबर कळवता येतो. संचार साथीचं अ‍ॅप २०२५ च्या जानेवारीत आलं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, तेही तिथे कळतं. जाहिरातीच्या त्रासाची तक्रार १९०९ वर करा, ती सात दिवसांच्या आत करावी लागते. मेसेज मात्र पुसू नका, तोच पुरावा असतो.

खात्यातून पैसे गेलेच, तर लाजेपोटी घरात लपवू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळेल तितकी पुढच्या खात्यात ती रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर २००४ पासून आहे. तोही आजच नावासकट साठवून ठेवा.