बोल उशिरा, पाय अस्थिर

भंडाऱ्याकडे दोन वर्षांचे मूल बोलेना, की घरची वडीलधारी म्हणतात, ‘याचा मामाही उशिराच बोलला.’ बोलला असेल! पण या वयात दोन शब्द जोडता येत नसतील, तर आधी कान तपासून घ्यावेत. कमी ऐकणारे मूल हाकेला ओ देत नाही. आपण त्याला हूड ठरवून धपाटा घालतो. शब्द नसलेले मूल धावते, ओढते, आदळआपट करते. मागायला दुसरा मार्ग त्याच्यापाशी नसतो. अतिचंचलतेचा शिक्का तर डॉक्टरही चार वर्षांच्या आत सहसा मारीत नाहीत. घरात झाडीबोली नि बाजारात हिंदी, एवढ्याने वाचा अडत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा ठरलेली आहे. त्या दिवशी लाजेपोटी मूल घरी ठेवू नका.