गाडीतला सांडवा

मंडळी, बोलायला लागण्याआधी ही वस्तू पुढच्या रांगेतून मागे फिरू द्या. काळ्या प्लॅस्टिकची, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, तीन तोट्या आणि वायर खोचायचं एक सॉकेट. गॅरेजात हिला कुणी ‘सोलेनॉइड’ म्हणतं, कुणी ‘बूस्ट वॉल्व्ह’. टर्बोचा दाब ही सांभाळते, असं पुस्तकं सांगतात. खरं तर ही दाबाला हातही लावत नाही. ही फक्त थाप मारते. कुणाला आणि कशी, ते आज सांगतो.

आधी टर्बो. तो तुम्ही पाहिला नसेल, ऐकला मात्र आहे. आपल्या हावडा लाइनवर विजेची इंजिनं येण्याआधीच्या मालगाड्या आठवा. सालेकसा स्टेशनातून गाडी दरेकसाच्या चढाकडे निघाली की आधी काळाकुट्ट धूर निघायचा, आणि थोड्या वेळाने एक बारीक शीळ चढत जायची. शीळ चढली की धूर विरळ. ती वाराणसीची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं, १६ सिलिंडरची, २६०० अश्वशक्तीची. शीळ टर्बोची होती. धूर एवढ्यासाठी, की डिझेल पोचलेलं असायचं आणि हवा अजून वाटेत असायची.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवायचं आणि त्याने ताजी हवा कोंबून इंजिनात भरायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. धूर एरवी वायाच जाणार, त्याच्याकडून फुकटचं काम. पण फुकटच्या गोष्टीत एक खोच असते. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त, डिझेल जास्त म्हणून धूर जास्त, धूर जास्त म्हणून चक्र आणखी जोरात, आणि पुन्हा हवा जास्त. या फेऱ्यात ‘पुरे’ म्हणणारं कुणी नाही. छोट्या गाडीतलं हे चक्र मुठीत मावतं आणि मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं.

मग चक्र मोठं, जड का बसवत नाहीत? कारण गाडी शहरात, गर्दीत, कमी वेगात चालवायची असते. मोठं चक्र उशिरा जागं होतं. लहान चक्र लगेच उठतं, पण मोकळ्या रस्त्यावर त्याच्या अंगावर झेपेल त्याहून जास्त धूर येतो. म्हणून जास्तीचा धूर चक्राला चुकवून बाजूच्या एका दाराने काढून द्यायचा. त्या दाराचं नाव वेस्टगेट.

बरेच जण याला कुकरची शिट्टी म्हणतात. मला ती उपमा पटत नाही. कुकर तयार झालेली वाफ सोडतो. वेस्टगेट भरलेली हवा सोडत नाही, तिच्या वाटेलाही जात नाही. आपल्याला उपमेसाठी स्वयंपाकघरात जायची गरजच काय? आपण मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या मुलखातली माणसं. पाळ, तुडुम आणि सलंग हे शब्द इथल्या म्हाताऱ्यांना शिकवावे लागत नाहीत. पाळ म्हणजे बांध, तुडुम म्हणजे पाणी सोडायचं तोंड, आणि सलंग म्हणजे सांडवा, इरिगेशनवाल्यांचा वेस्टवेअर. नवेगावबांधला कोहळी समाजाने पाळ घातली तेव्हा जास्तीच्या पाण्याला वाटही दिली, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाळ गेली असती. वेस्टवेअर आणि वेस्टगेट, दोन्हीकडचा ‘वेस्ट’ एकच.

आता हे दार उघडतं कोण? टर्बोच्या अंगाला पत्र्याची एक डबी असते. आत रबरी पडदा, त्यामागे स्प्रिंग, पुढे एक दांडी, दांडीच्या टोकाला ते दार. भरलेल्या हवेचीच एक बारीक नळी या डबीत आणलेली असते. दाब स्प्रिंगला भारी झाला की पडदा सरकतो, दांडी ढकलली जाते, दार किलकिलं होतं. कॉम्प्युटर नको, वायर नको. रांजणगावला पूर्वी बनणारं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आठवतं ना? त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या प्रकाराला असाच दाराचा टर्बो होता. ९० च्या प्रकारात दाराऐवजी हलती पाती आली. ती गोष्ट निराळी.

पण स्प्रिंग एकदा बसवली की तिचा हट्ट एकच. थंड सकाळी, गरम दुपारी, चढावर, उतारावर, ठरलेल्या दाबाला दार उघडणार म्हणजे उघडणार. इथे तुमच्या हातातली वस्तू कामाला येते. एक तोटी हवेच्या दाबाकडे, एक डबीकडे, तिसरी एअर फिल्टरच्या बाजूला. कॉम्प्युटर तिला सेकंदाला अनेकदा चालू-बंद करतो. बोनेट उघडून कान लावला तर टिकटिक ऐकू येते. दर टिकटिकीला डबीकडे निघालेली थोडी हवा तिसऱ्या तोटीने परत जाते. खरा दाब एक बार असेल तर पडद्याला अर्धाच कळतो. बिचारा पडदा म्हणतो, अजून वेळ आहे. दार बंद राहतं, दाब हवा तेवढा चढतो. ही झाली थाप. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ मध्ये ही युक्ती रस्त्यावरच्या गाडीत आणली. इंजिन ठोके देऊ लागलं की थाप मारणं बंद, दार उघडं.

वायर तुटली तर? थाप थांबते, पडद्याला खरा दाब कळतो, दार लवकर उघडतं, गाडी नुसती मवाळ होते. नुकसान नाही. ही रचना करणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडतो. नळी फाटली तर मात्र प्रकरण उलटं. पडद्याला काहीच कळत नाही, दार उघडतच नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. धान चुरून झालं होतं, कट्टे पडवीत रचलेले, गाडी त्यांच्याच शेजारी उभी. आठवड्याने चढावर जोर दिला की पिवळा दिवा लागायचा आणि गाडीतला जीव जायचा. किल्ली बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. गॅरेजवाल्याने (नाव कशाला) दोन मिनिटांत निदान केलं: टर्बो बसला. मी मान डोलावली. नवा टर्बो बसवला, आणि पहिल्याच चढाला पुन्हा तोच पिवळा दिवा.

घरी बॅटरी लावून पाहिलं. डबीकडे जाणाऱ्या बोटभर नळीला उंदराचे दात. धानासाठी आलेला पाहुणा रबर चाखून गेला होता. जुना टर्बो दुबळा झालाच नव्हता. त्याला आवरणारं कुणी उरलं नव्हतं. दाब भलताच चढला म्हणून कॉम्प्युटरने घाबरून डिझेल तोडलं, आणि आम्ही दोघांनी त्याला अशक्तपणा म्हटलं. जोर जातो कधी दाब कमी पडला म्हणून, कधी फाजील झाला म्हणून. चालवणाऱ्याला दोन्ही सारखंच जाणवतं.

हा टेबलावर ठेवलाय तो तोच जुना टर्बो, त्याच्या डबीला सायकलचा पंप जोडलाय. पहिल्या रांगेतल्या मुलांपैकी कुणीतरी वर या. हळू मार. अजून. दांडी हलली? आता पंप थांबव आणि नळी चिमटीत दाबून धर. बाकीच्यांनी दांडीकडे बघा, ती मागे सरकते का. नाही ना सरकत? म्हणजे पडदा शाबूत आहे. आता चिमूट सोड.